गाडीचं तेल कुठं गेलं

मंगळवार, एप्रिल १९५७, सकाळी नऊ. हजर: भाऊ, म्हणजे माझे मोठे दीर, ओटीवर पाटावर बसलेले, हे, म्हणजे माझे यजमान, खांबाला टेकून, मी माजघराच्या दारात, आणि आमच्या लॉरीचे ड्रायव्हर, ज्यांना मुलांमुळे घरातले सगळेच काका म्हणत, खाली अंगणात, चपला बाजूला काढून. गैरहजर: मिस्त्री. त्याला बोलवायला हवं होतं. कुणालाच सुचलं नाही.

प्रश्न एकच होता. इंजिनातलं तेल गळून जातं, की कुणी पळवतं? काकांची नोकरी आणि काकांचं नाव, दोन्ही त्यावर अवलंबून होतं. उत्तर भाऊंनी आधीच ठरवून आणलेलं होतं, हे त्यांच्या बसण्यावरूनच मला कळलं.

लॉरी लढाईतली. पलटणीनं टाकलेल्या गाड्यांचा लिलाव झाला तेव्हा भाऊंनी घेतलेली. वरून निळा रंग दिला होता, तरी दाराच्या आतल्या अंगाला पलटणीचे आकडे दिसत. खाडीकडच्या मिठागरांतून मीठ भरून पनवेलच्या वखारीत टाकायचं आणि मधूनमधून पेणहून भात आणायचं, हे तिचं काम. काकाही लढाईतलेच. खाडीकाठच्या एका आगरी गावातले, ब्रह्मदेशात पलटणीच्या गाड्या चालवून परत आलेले. वाचायचे अक्षर अक्षर जोडून, पण चालत्या इंजिनावर नुसता हात ठेवून चार गोष्टी अचूक सांगायचे.

गाडीची देखभाल माझ्याकडे आली ती याद्यांमुळे. हे दुकानात आणि भाऊ वखारीत, त्यामुळे गाडी सुटायच्या वेळी घरी मीच असे. दोनदा गाडी वाटेत पाण्याअभावी तापून उभी राहिली, तेव्हा मी एका पुठ्ठ्यावर यादी करून काकांच्या बैठकीशेजारी टांगली. पाणी, तेल, हवा, दोर, ताडपत्री, जादा चाक. निघण्याआधी एकेक बाब मोठ्यानं वाचायची आणि ती झाली की पुढची. काका वाचत, मी दारातून ऐकत असे. त्यानंतर गाडी पाण्यावाचून कधी उभी राहिली नाही. भाऊंनी ह्यांच्याजवळ माझी तारीफ केली. ती माझ्यापर्यंत पोचली आणि मला चढली, हे आता लिहायला हरकत नाही.

मिठागराकडे जाणारा बांध उधाणाच्या दिवसांत पाण्याखाली जायचा. चाकं अर्धी बुडत. इंजिनाला एक नळी असते, ती बाजूनं खाली लोंबते. तिच्यातून खारं पाणी आत शिरू नये म्हणून काका बांधाच्या अलीकडे थांबत, गाडीखाली शिरत, नळीला लाकडी बूच मारत, आणि पाणी ओलांडलं की पुन्हा खाली शिरून ते काढत. येताना पुन्हा तेच. म्हणजे एका खेपेला चार वेळा चिखलात लोळण. कपडे माखायचे, उशीर व्हायचा, वखारीत हमाल खोळंबायचे. भाऊ ह्यांना बोलत आणि हे मला.

फेब्रुवारीत मी काकांना म्हटलं, "बूच एकदा मारा आणि मिठाचं काम संपेपर्यंत राहू द्या. रोजची ही काढघाल कशाला?"

"नको वयनी," काका म्हणाले. "पाणी वलांडला का बूच काराला पायजे. नाय तं गारीचा दम कोंडल."

मी हसले. "गाडीला कसला दम? ती काय तुमची सासू आहे?"

काकाही हसले. मग म्हणाले, "पलटणीत आमचा सायेब दरवकताला सांगाचा. पाण्याच्या आदी बूच, सुक्यावर बूच बाहेर."

"पलटण संपली, काका. इथं मी सांगते."

हे वाक्य मी ज्या सुरात बोलले तो सूर मला अजून ऐकू येतो. पुढचं सगळं मी अगदी नीट करवून घेतलं. बूच ठोकून बसवायला लावलं, वर डांबरात भिजवलेली चिंधी, वर तार. पुठ्ठ्यावर नवी बाब वाढवली: बूच जागेवर आहे का पाहणे. काका रोज वाकून पाहत आणि "हाय" म्हणत.

पहिले आठ दिवस काही झालं नाही. गाडी वेळेवर येऊ लागली. मी काकांना चिडवायची, "काय काका, कोंडला का दम?" ते म्हणायचे, "अजून तं नाय." मग हेही चिडवायला लागले. मग वखारीतले हमाल. "आज दम कसा हाय गारीचा?" असं सगळे विचारायला लागल्यावर काकांनी तो विषय सोडून दिला. आपण खेडवळ ठरलो, असं त्यांना वाटलं असणार. आम्ही त्यांना ठरवलंच होतं.

तिसऱ्या आठवड्यात अंगणात गाडीखाली तेलाचा डाग दिसला. दुसऱ्या दिवशी दोन. मी खाली पत्र्याचं घमेलं ठेवलं. जुन्या गाडीला थोडं गळणं असतंच, म्हणून आधी काही वाटलं नाही. पण सकाळी तेलाची सळई बाहेर काढून पाहिली की तेल बरंच खाली गेलेलं असे, आणि घमेल्यात मात्र जेमतेम वाटीभर. मधलं तेल कुठं जातं, ते कळेना. गाडी उभी असताना फार गळत नव्हती. गळायची ती चालताना, रस्त्यावर, आणि तिथं बघणारे एकटे काका.

मी पद्धतशीर मागे लागले. आधी सगळे बोल्ट आवळून घेतले. मग बाजारातल्या मिस्त्रीकडून वरच्या झाकणाचं पॅकिंग बदललं. ते जाड कॉर्कचं असतं. त्यानं नवं कापून, दोन्ही बाजूंना लाख लावून बसवलं. चार दिवस बरं गेलं आणि मग खालच्या चेंबरमधून तेल यायला लागलं. चेंबरचं पॅकिंग बदललं, तर मागून, क्लचच्या बाजूनं. दर वेळी गळती एका जागी दाबली की दुसरीकडून निघायची.

शेवटी मी इंजिन रॉकेलनं धुवून घेतलं, वाळू दिलं आणि सगळ्या सांध्यांवर रांगोळी भुरभुरवली. पांढऱ्यावर तेल आधी कुठं उमटतं ते दिसेल, असा विचार. काकांना गाडी कळंबोलीपर्यंत नेऊन आणायला सांगितली. परत आल्यावर बॉनेट उघडलं. एकही सांधा कोरडा नव्हता. वर, खाली, मागे, पुढे, रांगोळी सगळीकडे काळी झाली होती.

हे म्हणाले, "वा! गाडीची दिवाळी झाली."

मिस्त्री त्या दिवशी तिथंच होता. कोकणी मुसलमान, मितभाषी माणूस, हात पुसत म्हणाला, "भाभी, एक जखम असती तर बांधली असती. ही तर चारी बाजूंनी रडतेय. इंजिन जुनं झालं, आता आणखी काय?"

तो वरून बघत होता. नळी खाली, चासीच्या आडोशाला, मीठमातीच्या थरानं लिंपलेली. चेंबर उघडायला तो खाली शिरला तेव्हाही ती त्याला दिसायला काही कारण नव्हतं. मला मात्र थांबून विचार करायला कारण होतं. सगळे सांधे एकाच महिन्यात कसे फाटतील? आत काहीतरी दाटलंय आणि ते वाट शोधतंय, हे रांगोळी स्वच्छ सांगत होती. मी पाहिलं, आणि यादीत लिहिलं: तेलाचा एक डबा कायम गाडीत ठेवणे.

त्या डब्यानं काकांचा घात केला. डबा भरून जायचा आणि रिकामा यायचा.

एप्रिलमध्ये भाऊ स्वतः गाडीतून पेणला गेले. परतताना भात भरलेली गाडी कर्नाळ्याची चढण चढेना. तेल क्लचवर उतरलं होतं. इंजिन ओरडत होतं आणि चाकांना जोर पोचत नव्हता. गाडी मागे घसरायला लागली, तेव्हा काकांनी हातब्रेक ओढला आणि उडी टाकून चाकामागे दगड लावला. भाऊ उन्हातून खिंड ओलांडून शिरढोणपर्यंत चालत गेले आणि बैलांच्या दोन जोड्या घेऊन आले. बैलांनी लॉरी खिंडीच्या माथ्यावर ओढली, आणि पुढं उतार म्हणून ती कशीबशी गावापर्यंत आली. शिरढोणच्या रस्त्यावर लोक उभे राहून बघत होते. एकानं विचारलं, "शेट, पेट्रोलपेक्षा कडबा परवडतो काय?" भाऊंना तो प्रश्न फार लागला. घरी आल्यावर त्यांनी दोन दिवस तोच सांगितला.

त्याच आठवड्यात वसुलीला ते काकांच्या गावात गेले होते. तिथल्या बैलगाड्यांचे आस त्यांना काळे, तुकतुकीत दिसले. मोटारचं तेल घातल्यासारखे. भाऊंचं उत्तर तयार झालं.

आता त्या मंगळवारचं सांगते.

भाऊ म्हणाले, "ड्रायव्हर, गावात किती डबे पोचवलेस?"

"मी तेल इकला नाय, भाऊ."

"विकलं नसशील. वाटलं असशील. गाड्यांचे आस मी डोळ्यांनी पाहिले."

जळकं तेल, म्हणजे बदलताना इंजिनातून काढलेलं काळं तेल, काकांना मीच नेऊ देत असे. भाऊंसमोर थेट बोलायची आमच्याकडे रीत नव्हती, म्हणून मी ह्यांना म्हटलं, "काळं तेल मी दिलेलं आहे, सांगा." ह्यांनी सांगितलं.

भाऊ ह्यांनाच म्हणाले, "काळं किती दिलं आणि चांगलं किती गेलं, हे तुझ्या बायकोची यादी सांगते का?"

यादी ते सांगत नव्हती. काळ्या तेलाचं तरी मी बोलले होते, असं त्या वेळी मला वाटलं.

मग काका म्हणाले, "माज्या पोरांची शपत घेतो. तेल गलतंय, भाऊ. रस्त्यानं गलतंय. मना वाटतं, त्या बुचाचा..."

आणि इथं मी रीत मोडली. भाऊंसमोर, उघड, मोठ्यानं बोलले. "आता पुन्हा ते दमाचं पुराण नको हं, काका!"

हे हसले. भाऊ, जे दोन दिवस हसले नव्हते, तेही हसले. काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, एखादा माणूस आपण चुकीच्या दारात उभे आहोत हे कळल्यावर पाहतो, तसं. मग त्यांनी मान खाली घातली आणि चपला शोधायला लागले. भाऊंनी गाडीची किल्ली मागितली. काकांनी ती ओटीच्या कडेला ठेवली, भाऊंच्या हातात दिली नाही.

त्यांना का बोलू दिलं नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. बुचामुळे गळती होते हे मला माहीत नव्हतं, हे खरं. पण बुचाचा विषय निघाला तर ते कुणाच्या सांगण्यावरून बसलं हेही निघेल, हे मला माहीत होतं. तेवढं कळायला इंजिन कळावं लागत नाही.

महिन्याभरानं काका मागच्या दारी आले. सरकारी बसगाड्यांवर ड्रायव्हर घेत होते. पलटणीचे कागद त्यांच्याजवळ होते. मधल्या वर्षांसाठी आधीच्या मालकाचा दाखला हवा होता. इतकी वर्षं इथं गाडी चालवली, वर्तणूक चांगली, एवढंच. घरातली सगळी लिखापढी मीच करत असे, हे ते जाणून होते.

"वयनी, दोन ओळी लिवा," ते म्हणाले. "बाकी काय नको मना."

"भाऊंना विचारते," मी म्हटलं.

ह्यांनी भाऊंना विचारलं. भाऊ म्हणाले, "चोराला दाखला? मग उद्या तो सरकारचं तेल वाटेल, आणि माझी सही वर!" काका आठ दिवसांनी पुन्हा आले, तेव्हा मी म्हटलं, बघू या. तिसऱ्यांदा ते आले नाहीत.

जूनमध्ये मिठाचं काम संपलं आणि गाडी मिस्त्रीकडे पूर्ण उघडायला दिली. नव्या ड्रायव्हरच्या हाताखालीही ती तितकीच गळत होती, हे कुणी बोलून दाखवत नव्हतं. भाऊ म्हणत, पहिल्यानं नासवली ती नासवली. तिसऱ्या दिवशी मिस्त्रीनं निरोप पाठवला, म्हणून हे, भाऊ आणि मी तिघंही गेलो. भाऊ वखारीत निघालेच होते, वाटेत थांबले.

मिस्त्रीच्या हातात लाकडी बूच होतं. वर डांबरी चिंधी, वर तार.

"तौबा, भाभी! हे कुणी ठोकलं? इंजिनाचं नाकच बंद केलंय. आतली वाफ जाणार कुठं? तेलाच्या तोंडावरचं झाकणही घट्ट, नवीन. मिळेल त्या फटीतून निघणार, आणि येताना तेल घेऊन येणार. मी पॅकिंगं बदलत बसलो! पॅकिंगांची काय चूक?"

भाऊ म्हणाले, "कुणी ठोकलं हे?"

मिस्त्री माझ्याकडे बघत होता. गाडीचं सगळं मी बघते हे त्याला ठाऊक. हे बूच हातात घेऊन फिरवत होते. त्यांना माझी फेब्रुवारीतली सूचना आठवत होती की नाही, मला सांगता येत नाही. आम्ही त्याविषयी आजवर बोललेलो नाही.

मी म्हटलं, "काकांनी ठोकलं असेल."

तसं पाहिलं तर खोटं नव्हतं. हातोडी त्यांच्याच हातात होती.

"बघा!" भाऊ म्हणाले. "चोर तर चोर, वर अडाणी." आणि ते वखारीकडे गेले.

मिस्त्रीनं बूच काढून टाकलं, नळी तारेनं साफ केली, झाकणाला भोकं पाडली. जुनीच पॅकिंगं परत बसवली. गाडी त्यानंतर जवळजवळ गळलीच नाही. घमेलं मी धुवून माळ्यावर टाकलं. मी पुठ्ठ्यावरची ती बाब खोडली आणि नव्या पुठ्ठ्यावर सगळी यादी स्वच्छ उतरवून काढली, म्हणजे खोडलेलंही दिसायला नको.

हे मी चार वर्षांनी लिहिते आहे. लॉरी भंगारात गेली. काका आता त्याच मिठागरावर डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहतात. गेल्या हिवाळ्यात बाजारात दिसले. मानेवर मिठानं पडलेले पांढरे चट्टे होते. मी थांबले. त्यांनी विचारलं, "पोरां बरी हायत ना, वयनी?" मी हो म्हटलं. ते पुढं गेले. त्यांनी दाखल्याचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

पलटणीत नोकरी झालेल्यांना बसगाड्यांवर वयाची सूट असते म्हणतात. ती सूटही फार दिवस पुरणार नाही. काकांचे केस पिकलेत. म्हणून या महिन्यात मी दाखला लिहून काढला. दोन ओळी सांगितल्या होत्या, पाच झाल्या. इतकी वर्षं आमच्याकडे होते. गाडी उत्तम चालवत. वर्तणूक निष्कलंक. गाडीत जो बिघाड झाला तो त्यांच्यामुळे झाला नाही. त्यांनी आधीच बजावलं होतं.

चौथी आणि पाचवी ओळ गाळली तर चोराला दाखला कसला म्हणून भाऊ सही करणार नाहीत. ठेवली तर विचारतील, मग कुणामुळे झाला? गाडी त्यांच्या नावावर होती, त्यामुळे सही त्यांचीच लागते. ह्यांची चालत नाही, मी विचारून पाहिलं आहे. भाऊ रोज सकाळी नऊपर्यंत ओटीवर असतात. चष्मा त्यांच्याजवळ असतो, दौत आणि टाक मी दोनदा नेऊन ठेवले. माजघराच्या दारापासून पाटापर्यंत सात पावलं आहेत. कागद घडी घालून तयार आहे. सही घ्यायची राहिली आहे.